भोपळा, ट्यूब आणि समुद्रावरची फळी
(द्वितीय वर्ष कला)

विषयाचे नाव वाचून काही वाचकांना हसू येईल. समुद्र ना जळगावला, ना धुळ्याला. मग तरंगण्याच्या साधनांवर लेख लिहिण्याचे या विद्यार्थिनीला कसे सुचले, असे प्राध्यापक मंडळींनाही वाटेल. परंतु समुद्र नाही म्हणजे पाणी नाही असे नव्हे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते आणि तिच्या वाटेतला मोठा पल्ला आपल्या खानदेशातून जातो. चांगदेवला तिला पूर्णा भेटते, मुडावदला पांझरा. भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे. शिवाय गावोगावच्या विहिरी आहेत, पाझर तलाव आहेत आणि अलीकडच्या काळातली शेततळी आहेत. सुट्टी लागली की पोरे या पाण्यात उतरतात. मासेमारी करणारी माणसे तर वर्षभर पाण्यातच असतात. त्यांच्यापैकी थोड्यांजवळ होडी असते. बाकीच्यांची भिस्त भोपळ्यावर, ट्यूबवर किंवा तेलाच्या रिकाम्या कॅनवर असते.

माझे घर तापीकाठचे, भोई समाजातले. आजोबा भोपळ्याच्या आधाराने नदीत उतरत. वडील ट्रकच्या ट्यूबवर बसून धरणाच्या पाण्यात जाळे लावतात. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. साधने पाण्यात नेण्याचे काम आमच्याकडे पुरुषांचे. पण ती वाळवणे, पुसणे, चिंध्यांचे पट्टे शिवणे आणि उंदरांपासून राखणे हे काम आजीचे, आईचे आणि नंतर माझे. ही माहिती आमच्याकडे एका तोंडातून दुसऱ्या कानात गेली. लिहून ठेवलेली मला कोठे आढळली नाही. कॉलेजच्या ग्रंथालयामुळे दूर देशीच्या साधनांविषयीही थोडे वाचावयास मिळाले. त्या दोन्हींची येथे सांगड घालीत आहे.

‘सांगड’ हा शब्दही आमच्याच पाण्यातला. भोपळे एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी जो तराफा करीत त्याला सांगड म्हणत. नदीवर पूल झाले, सांगड गेली, पण ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण परीक्षेच्या पेपरातही वापरतो.

किती लिटर?

साधन निवडताना बहुतेक जण विचारतात, ‘मजबूत आहे का?’ पहिला प्रश्न खरे तर ‘किती लिटरचे?’ हा असला पाहिजे. आर्किमिडीजचा सिद्धांत आपण शाळेत पाठ केला. त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की एक लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या वस्तूला पाणी एक किलो वजनाइतके वर ढकलते. त्यातून वस्तूचे स्वतःचे वजन वजा केले की तिचा खरा आधार कळतो. सहा लिटर आकाराचा वाळलेला भोपळा अर्धा किलो भरला, तर त्याचा आधार साडेपाच किलोचा.

साडेपाच किलो ऐकून कोणी म्हणेल, पन्नास-साठ किलोच्या माणसाला एवढ्याने काय होणार? परंतु माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते. पाण्यात बुडालेला भाग पाणीच पेलते. आधार लागतो तो पाण्यावर ठेवावयाच्या डोक्यापुरता. बहुतेक प्रौढ माणसांना त्यासाठी सात ते बारा पौंड, म्हणजे सुमारे सव्वातीन ते साडेपाच किलो जादा आधार पुरतो, असे अमेरिकेचे तटरक्षक दल सांगते. मात्र घाबरून दोन्ही हात वर केले, की त्या हातांचे वजनही आधारावर पडते आणि डोके खाली जाते. ‘पाण्यात हात वर करू नका, पसरा’ असे जुनी माणसे सांगतात, त्याचे कारण हेच.

भोपळ्याचे लिटर मोजणे घरी सहज जमते. परातीत हंडा ठेवून तो काठोकाठ भरावा. भोपळा पूर्ण बुडेपर्यंत दाबावा आणि परातीत सांडलेले पाणी मापाने मोजावे. गंमत अशी, की परदेशात समुद्राच्या लाटांवर उभे राहून घसरत जाण्याचा जो सर्फिंगचा खेळ आहे, त्याच्या फळ्याही आज लिटरच्याच हिशेबाने निवडतात. नवशिक्याला जास्त लिटरची मोठी फळी देतात, मुरलेला खेळाडू कमी लिटरची घेतो. हा खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, पहिल्यांदा खेळला गेला. पण फळी निवडणाऱ्याचा हिशेब आणि आजीच्या परातीचा हिशेब एकच आहे.

भोपळ्याची पारख

पोहण्यासाठी दुधी भोपळ्याच्या जातीचे जाड सालीचे फळ लागते. भाजीचे कोवळे फळ चालत नाही. वेलावरच देठ सुके तोवर ते राहू द्यावे. नख रुतेनासे झाले म्हणजे देठासह काढावे आणि सावलीत, वारा लागेल असे टांगावे. उन्हात ठेवलेले फळ तडकते. वाळताना सालीवर बुरशी दिसते. ती कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, घाबरून फळ फेकू नये. पूर्ण वाळायला काही आठवडे, मोठ्या फळाला काही महिनेही लागतात. हलवले की आत बिया खुळखुळल्या आणि टिचकी मारल्यावर मडक्यासारखा आवाज आला, म्हणजे फळ तयार झाले.

आमची आजी भोपळा चार गोष्टींवर पसंत करते. एक, साल सगळीकडे सारखी जाड हवी. दोन, मध्ये कंबर हवी, म्हणजे दोर घसरत नाही. तीन, देठाची जागा शाबूत हवी, कारण पाणी आत शिरते ते बहुधा तेथूनच. आणि चार, रात्रभर पाण्यात दाबून ठेवल्यावर सकाळी वजन वाढलेले नसावे. या चौथ्या परीक्षेत अर्धे भोपळे नापास होतात. बी काढण्यासाठी भोक पाडलेला भोपळा ती घेतच नाही; मेणाने बुजवलेले भोक उन्हात केव्हा उघडेल याचा नेम नसतो.

हे फळ पाण्यावर किती टिकाव धरते याचा पुरावा जगाच्या इतिहासातही आहे. अमेरिका खंडात सापडणारे प्राचीन भोपळे आफ्रिकेतून अटलांटिक महासागरावर तरंगत आले असावेत, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनातून निघाला. ज्याने महासागर ओलांडला, त्याला आपली तापी जड नाही.

भोपळा बांधताना बारीक सुतळी वापरू नये. ती काखेत कापते. जुन्या लुगड्याचे चार बोटे रुंद पट्टे उत्तम. गाठ अशी हवी, की घट्ट राहील पण एका ओढीत सुटेल.

पांगारा आणि हवाई बेटे

ज्यांच्याकडे भोपळा नाही ते लाकडाकडे वळतात. जड लाकूडही तरंगते, पण आधार थोडा देते. म्हणून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पांगाऱ्याचा ओंडका पसंत करीत आले आहेत. वसंतात लालभडक फुलणारे हे काटेरी झाड आपण पाहिले असेल. त्याचे लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, पण फार हलके असते.

हवाई बेटांवरचे लोक लाटांवर घसरण्याचा खेळ शेकडो वर्षे खेळत आले आहेत. तेथे राजे खेळत, तशा स्त्रियाही खेळत. सरदार मंडळींच्या ‘ओलो’ नावाच्या लांब फळ्या ‘विलिविली’ नावाच्या हलक्या झाडाच्या करीत. हे विलिविली आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले. वनस्पतिशास्त्रात दोघांचेही घराणे एरिथ्रिना. हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. त्या बेटांचा आणि आपला कसलाही संबंध नसताना दोन्हीकडच्या माणसांनी तरंगण्यासाठी एकाच कुळाचे झाड निवडले, ते केवळ हाताने तोलून आणि पाण्यात टाकून पाहून.

हलक्या लाकडात एक दोष असतो. ते पाणी पिते, लवकर कुजते आणि किडीला आवडते. म्हणून अशा साधनाचे आयुष्य त्याच्या निगेवर अवलंबून. विल्यम एलिस नावाचा इंग्रज मिशनरी १८२३ साली हवाई बेटावर फिरला. त्याने लिहून ठेवले आहे, की तेथील लोक फळी वापरून झाली की ती पूर्ण सुकेपर्यंत उन्हात ठेवीत, मग तिला खोबरेल तेल चोळीत, पुष्कळदा कापडात गुंडाळीत आणि घरातच टांगून ठेवीत. आमच्या घरी आढ्याला कापडात बांधलेले भोपळे लटकलेले असतात. पाहुण्यांना वाटते, बियाणे ठेवले आहे.

पुढे सर्फिंगच्या फळ्या बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या झाल्या आणि १९५० नंतरच्या दशकात कृत्रिम फेसाच्या गाभ्यावर काचतंतूचे आवरण चढवून होऊ लागल्या. आजच्या अनेक फळ्यांचा गाभा म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तोच. पण निगेचा नियम बदलला नाही. वरच्या आवरणाला चीर पडली की पाणी आत शिरते आणि फळी जड होते. म्हणून चीर दिसताच फळी पाण्याबाहेर काढावी, पूर्ण वाळवावी आणि मगच बुजवावी. ओल आत ठेवून वरून बुजवले तर आतून नास होतो. आपल्याकडे नुसता थर्माकोल वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो पोत्यात शिवून वापरावा, पेट्रोलजवळ ठेवू नये, कारण पेट्रोलने तो विरघळतो. आणि त्याचे तुकडे नदीत सोडू नयेत.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मुले केळीचा खांबही धरून पोहतात. ताजा खांब छान तरंगतो. परंतु ते चार दिवसांचे साधन. खांब काळा पडला, मऊ झाला की टाकून द्यावा.

ट्यूब आणि कॅन

आता सर्वांत जास्त दिसते ती ट्रकची ट्यूब. आधार भरपूर, किंमत कमी. माझे वडील तिच्यावर बारदान बांधून बसतात आणि हाताने वल्हवतात. पण ट्यूबइतके फसवे साधन दुसरे नाही. भोपळे दोन असतील तर एक फुटला तरी दुसरा राहतो. ट्यूबमध्ये हवेचा कप्पा एकच असतो; बाभळीचा एक काटा लागला की सगळा आधार गेला. यासाठी वडील ट्यूबला नेहमी दोन बंद कॅन बांधून ठेवतात.

जुनी ट्यूब घेताना ठिगळे मोजावीत आणि कोठे आहेत ते पाहावे. वॉलच्या बुडाशी ठिगळ असेल तर ती ट्यूब घेऊ नये; तेथे रबर सतत ओढले जाते. वॉलवर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहावे, ही पंक्चरवाल्याची परीक्षा उत्तम. हवा भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी दाबून पाहावी. वॉलचा टोकदार भाग आतल्या बाजूस येतो आणि बरगड्यांना लागतो, म्हणून त्यावर चिंधी गुंडाळावी. हवा गच्च भरू नये. काठावर उन्हात आतली हवा फुगते आणि जुने ठिगळ उकलते. उलट तापलेली ट्यूब थंड पाण्यात गेली की ढिली पडते.

दुसरा धोका वाऱ्याचा. ट्यूब पाण्यावर उंच बसते आणि वाऱ्याने होडीसारखी ढकलली जाते. नुसत्या हातांनी वल्हवून तिला परत आणणे कठीण जाते. वारा काठाकडून धरणाच्या आत वाहत असेल तर नवख्याने ट्यूब घेऊन उतरूच नये.

कॅन निवडताना खाद्यतेलाचाच घ्यावा. कापसाच्या आणि केळीच्या फवारणीचे रिकामे कॅन शेतात पडलेले असतात. ते कितीही धुतले तरी वापरू नयेत, विष अंगाला लागते. झाकणात रबराची चकती असावी. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. दाबल्यावर पांढरी रेघ उमटली की तो कॅन बाद समजावा.

भोपळा आणि जाकीट

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. पोहायला शिकवताना भोपळा पाठीवर बांधतात. त्यामुळे शरीर पालथे राहते, हातपाय मोकळे राहतात, आणि शिकणाऱ्याला ते सोयीचे असते. परंतु तोच माणूस दमून किंवा मार लागून बेशुद्ध झाला तर? पाठ वर राहील आणि तोंड पाण्यात जाईल. म्हणजे पाठीवरचा भोपळा शुद्धीतल्या माणसाचा मित्र आहे, बेशुद्धाचा नव्हे. खऱ्या जीवरक्षक जाकिटात आधार छातीवर आणि मानेमागे असतो; माणूस उताणा व्हावा आणि नाक-तोंड पाण्यावर राहावे अशी त्याची रचना असते. जाकिटांचेही प्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन असे दर्जे आहेत. ५० न्यूटनचे, म्हणजे साधारण पाच किलो आधाराचे, जाकीट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेथेच. ज्याला पोहता येत नाही त्याने शांत पाण्यातही १०० न्यूटनचे घ्यावे.

जाकीट आपल्या वजनाचे आहे का हे आतल्या चिठ्ठीवर पाहावे. घालून, पट्टे आवळून, दोन्ही हात वर करावेत आणि दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर ओढावयास सांगावे. जाकीट हनुवटीच्या वर सरकले तर ते ढिले आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा अवश्य हवा. सहलीत बोटीवर जाकीट मिळाले की आपण ते मांडीवर ठेवतो किंवा खाली घालून त्यावर बसतो. बसल्याने आतला फेस दबतो आणि आधार कमी होतो. मांडीवरच्या जाकिटाचा तर उपयोग काहीच नाही.

दोरीविषयीही सांगावयास हवे. समुद्रावर लाटा खेळणारे फळीची दोरी घोट्याला बांधतात, म्हणजे पडल्यावर फळी दूर जात नाही. चित्रे पाहून ही नक्कल वाहत्या नदीत कोणी करू नये. नदीत झुडपे, खडक, जुन्या जाळ्यांचे तुकडे असतात. दोरी अडकली की प्रवाह माणसाला तेथेच खाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. नदीत गाठ छातीजवळ आणि एका ओढीत सुटणारी हवी.

निगा

आमच्या घरचे नियम थोडक्यात देते. पाण्यातून आलेले साधन आधी स्वच्छ पाण्याने धुवावे. वाळू राहिली की ती ठिगळ आणि शिवण झिजवते. मग सावलीत वाळवावे. रबर, प्लास्टिक आणि जाकिटाचे कापड तिन्हींना ऊन खाते. ट्यूबमधली हवा थोडी सोडावी, पावडर लावून सैल गुंडाळावी. डिझेल, रॉकेल, ग्रीस यांच्याजवळ ती ठेवू नये, कारण त्यांनी रबर सुजते. मोटारीच्या खोलीत ट्यूब ठेवण्याची पुष्कळांची सवय असते, ती मोडावी. भोपळे जमिनीवर न ठेवता टांगावेत, उंदीर बियांच्या वासाने येतात. पट्टे आणि गाठी दर वेळी हाताने ओढून पाहाव्यात. डोळ्यांना चांगली दिसणारी दोरी पुष्कळदा आतून कुजलेली असते. बाद झालेले साधन घरात ठेवू नये, तोडून टाकावे. ठेवले तर कोणी तरी पोर ते उचलून नेतेच.

हे सारे पाण्यात जाण्याच्या आदल्या दिवशी करण्याचे काम नव्हे, पाण्यातून आल्या दिवशी करण्याचे आहे. आजीचे एक वाक्य आहे, ‘पानी कोनाच मामा नही.’ म्हणजे पाणी कोणाचाच मामा नाही. ते लाड करीत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एक मुलगा शेततळ्यात बुडाला. त्याला पोहता येत होते. नदीत त्याने कितीदा तरी सूर मारला होता. परंतु शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरते, आणि ओल्या हातापायांना तेथे पकड मिळत नाही. काठ हाताशी असून तो वर चढू शकला नाही. त्याला बाहेर काढले तेव्हा मी तेथे होते. त्या तळ्याला एक गाठी मारलेला दोर सोडलेला असता, पाण्यात एक बंद कॅन तरंगत असता, तर तो आज आपल्यासारखाच कुठल्या तरी कॉलेजात असता. दोर आणि कॅन दोन्ही त्या शेतातच होते.

तेव्हापासून आमच्या गावात काही शेतकऱ्यांनी चारी बाजूंनी गाठींचे दोर सोडले आहेत. काठावर पाच लिटरचा एक कॅनही ठेवला आहे. त्याला लांब दोर बांधलेला असतो आणि आत पेलाभर पाणी, म्हणजे तो फेकला की नेमका जातो. बुडणाऱ्याजवळ स्वतः उडी घेण्यापेक्षा हे फेकणे पुष्कळ सुरक्षित. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही मिठी मारून खाली नेतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेत आहे, पुष्कळांच्या शेतात तळे आहे. सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढा एक दोर आणि एक कॅन बांधावा, ही माझी विनंती. दुसरी विनंती प्राध्यापक मंडळींना. वर्षातून एकदा आपली सहल धरणावर किंवा नदीवर जातेच. जिमखान्याच्या कपाटात क्रिकेटच्या पॅडशेजारी सहा जाकिटे आणि एक लांब दोर ठेवता आला तर फार बरे होईल. ती वाळवून, पुसून, वेळच्या वेळी तपासून ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन. ते मला येते.